जग बुडाल्यानंतरच्या गोष्टी लोक एवढ्या आवडीनं का वाचतात आणि का लिहितात?

जानेवारी २०२५. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास वणवे पेटले आणि अल्टाडीना नावाच्या वस्तीचा मोठा भाग बघता बघता जळून गेला. हजारो घरं राख झाली. टीव्हीवर ही दृश्यं चालू असतानाच सोशल मीडियावर लोक एका जुन्या कादंबरीबद्दल बोलायला लागले.

कादंबरीचं नाव 'पॅरेबल ऑफ द सोअर'. लेखिका ऑक्टेव्हिया बटलर. साल १९९३. एका किशोरवयीन मुलीच्या डायरीच्या रूपात ही गोष्ट येते आणि डायरी सुरू होते जुलै २०२४ मध्ये. हवामान बदललंय, पाणी महाग झालंय, लोक भिंती बांधून त्यांच्या आड राहतायत. याच डायरीत १ फेब्रुवारी २०२५ ची एक नोंद आहे, आणि ती आगीबद्दल आहे. ठिकाणही लॉस एंजेलिसच्या जवळचंच. त्यात आणखी एक योगायोग म्हणजे २००६ मध्ये वारलेल्या बटलर यांची कबर याच अल्टाडीनात आहे.

लोक म्हणायला लागले, बाईंना भविष्य दिसत होतं. पण बटलर यांनी स्वतः हे कधी मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. आज ज्या प्रश्नांकडे आपण काणाडोळा करतोय, त्यांना तीस वर्षं मोकळं सोडलं तर काय होईल, एवढाच विचार त्यांनी केला होता.

आता हे एकच पुस्तक असतं तर गोष्ट वेगळी. पण मागची काही वर्षं बघा. २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस' आणि 'सायलो', २०२४ मध्ये 'फॉलआउट', आणि त्याच वर्षी आपल्याकडे 'कल्की २८९८ एडी', ज्यात गंगा आटलीये आणि काशी हे जगातलं शेवटचं शहर उरलंय. जग संपलंय आणि मूठभर माणसं उरलीयेत, हा या सगळ्यांचा पाया.

बाहेरच्या बातम्याही काही वेगळं सांगत नाहीत. अणुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकानं १९४७ पासून एक प्रतीकात्मक घड्याळ ठेवलंय. मध्यरात्र म्हणजे जगाचा शेवट. सुरुवातीला मध्यरात्रीला सात मिनिटं बाकी होती. शीतयुद्ध संपलं तेव्हा, १९९१ मध्ये, ती सतरा मिनिटं झाली. जानेवारी २०२५ मध्ये उरले होते फक्त ८९ सेकंद.

मग प्रश्न असा पडतो की खऱ्या बातम्याच एवढ्या भीतीदायक असताना लोक वर आणखी जगबुडीच्या गोष्टी का वाचतात? आणि लिहिणारे त्या का लिहितात?

सुरुवात झाली एका ज्वालामुखीपासून

एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. माणसानं नोंद ठेवलेल्या काळातला हा सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्याची धूळ आणि वायू वातावरणात एवढे पसरले की पुढच्या वर्षी, म्हणजे १८१६ मध्ये, युरोप आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. पिकं गेली, भाव भडकले.

त्याच थंड, पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ काही तरुण लेखक घरात अडकून पडले होते. वेळ घालवायला त्यांनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' आली, हे बहुतेकांना माहिती असतं. कवी बायरननं त्याच दिवसांत सूर्य विझून गेलेल्या जगावर कविता लिहिली, हे कमी लोकांना माहिती असतं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. नंतरच्या काही वर्षांत मेरीची दोन मुलं वारली. १८२२ मध्ये नवरा समुद्रात बुडाला. १८२४ मध्ये बायरनही गेला. त्या उन्हाळ्यातली मैफल संपली होती आणि मेरी मागं राहिली होती. १८२६ मध्ये तिची 'द लास्ट मॅन' ही कादंबरी आली. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस एका साथीत सगळी मानवजात मरते आणि एकच माणूस उरतो, अशी ती गोष्ट.

टीकाकारांनी तेव्हा तिला झोडपलं आणि पुढं कित्येक दशकं ती विस्मरणात गेली. आज मात्र या प्रकारच्या आधुनिक कादंबऱ्यांची सुरुवात शोधताना अभ्यासक तिच्यापाशीच जाऊन थांबतात. या गोष्टींमागचं पहिलं कारण इथंच सापडतं. आपलं माणूस गेलं की आपल्यापुरतं जग संपलेलंच असतं. मेरी शेलीनं तेच दुःख जगाएवढं मोठं करून लिहिलं.

मग आला बॉम्ब

१९४५ पर्यंत जग संपवायला देव, साथ किंवा धूमकेतू लागायचा. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर माणूस ते स्वतः करू शकेल अशी वेळ आली आणि गोष्टींचा सूर बदलला.

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि खलाशी आजारी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये 'गॉडझिला' प्रदर्शित झाला. बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला राक्षस टोकियो तुडवतो. पुढं गॉडझिला मुलांचं खेळणं झाला, पण पहिला सिनेमा बघणारे जपानी प्रेक्षक आपलीच नऊ वर्षांपूर्वीची शहरं बघत होते.

१९५७ मध्ये नेव्हिल शूटची 'ऑन द बीच' आली. उत्तर गोलार्ध अणुयुद्धात संपलाय आणि किरणोत्सार हळूहळू ऑस्ट्रेलियाकडे सरकतोय. लोक बागकाम करतायत, पार्ट्या करतायत, आणि मरणाची तारीख सगळ्यांना माहिती आहे.

या गोष्टींचा खऱ्या राजकारणावर काही परिणाम होतो का? एक उदाहरण नेहमी दिलं जातं. २० नोव्हेंबर १९८३ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'द डे आफ्टर' हा सिनेमा लागला. कॅन्ससमधल्या साध्या गावांवर अणुबॉम्ब पडल्यावर काय होतं, एवढंच त्यात दाखवलं होतं. सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तो आधीच पाहिला होता आणि तो बघून आपण फार खिन्न झालो, असं त्यांनी डायरीत लिहून ठेवलं. चार वर्षांनी, डिसेंबर १९८७ मध्ये, त्यांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यासोबत मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रं नष्ट करण्याचा करार केला. एका सिनेमामुळे करार झाला असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल, त्याला इतर बरीच कारणं होती. पण आकडेवारीच्या फायलींनी जे जाणवत नाही ते दीड-दोन तासांच्या गोष्टीनं जाणवतं, हे मात्र यातून दिसतं.

वाचणाऱ्याला यातून काय मिळतं?

पहिली गोष्ट म्हणजे भीतीची रंगीत तालीम. २०२० च्या सुरुवातीला कोविड पसरत असताना लोकांनी कोणता सिनेमा शोधून शोधून पाहिला? २०११ चा 'कंटेजन', ज्यात अशाच साथीची गोष्ट आहे. घरात बसून साथीला घाबरलेली माणसं साथीचाच सिनेमा बघत होती.

हे दिसतं तेवढं विचित्र नाही. कोल्टन स्क्रिव्हनर, माथियास क्लासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच काळात ३१० लोकांची पाहणी केली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. भयपट आवडणाऱ्यांना त्या दिवसांत मानसिक त्रास तुलनेनं कमी झाल्याचं तिच्यात दिसलं. झोंबी, परग्रहावरचे हल्ले, जगबुडी असले सिनेमे आवडणारे तर मनानं आणि तयारीनंही थोडे पुढं होते. अर्थात पाहणी छोटी होती आणि लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर बेतलेली होती. सिनेमामुळे माणूस खंबीर होतो, की मुळात खंबीर माणूसच असे सिनेमे बघतो, हे त्यावरून ठरत नाही.

अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्रानं ही मानसिकता आधीच ओळखली होती. मे २०११ मध्ये त्यांनी झोंबी आले तर काय तयारी हवी, यावर लेख टाकला. पाणी, औषधं, टॉर्च, कागदपत्रं, घरच्यांनी कुठं भेटायचं. यादी वादळाला आणि भूकंपाला लागते तीच होती. एरवी ती कुणी वाचली नसती. झोंबीचं नाव घातल्यावर एवढी गर्दी झाली की वेबसाइटच बंद पडली.

दुसरी गोष्ट जरा अवघड जागचं दुखणं आहे. जग संपलं की हप्ते संपतात. बॉसचे मेसेज, ऑफिसचे ग्रुप, ट्रॅफिक, मुलांच्या ॲडमिशन, सगळं एका फटक्यात जातं. उरतं ते साधं काम. पाणी आण, आग पेटव, आपली माणसं सांभाळ. आणि ज्याला एरवी कुणी विचारत नाही, त्या विहीर खणणाऱ्याला, शिवणकाम येणाऱ्याला, गुरं सांभाळणाऱ्याला अचानक किंमत येते. नोकरीत आपण असलो काय नि नसलो काय, असं वाटणाऱ्या माणसाला अशा गोष्टीत आपली गरज असलेलं जग सापडतं.

इंग्रज लेखक ब्रायन आल्डिस यांनी १९७३ मध्ये याच गोष्टीला चिमटा काढला होता. जॉन विंडम यांच्या 'द डे ऑफ द ट्रिफिड्स'सारख्या कादंबऱ्यांना त्यांनी आरामशीर प्रलय म्हटलं. म्हणजे बाकीचं जग मरतं आणि नायकाला मात्र रिकामी हॉटेलं, फुकटच्या गाड्या आणि भरपूर मोकळा वेळ मिळतो. वाचणारा प्रत्येक जण स्वतःला वाचलेल्यांत धरतो, मेलेल्यांत कुणीच धरत नाही. या गोष्टींच्या लोकप्रियतेतला मोठा वाटा या समजुतीचा आहे.

तिसरी गोष्ट आहे शेवटाची ओढ. फ्रँक करमोड या समीक्षकानं १९६० च्या दशकात मांडलं होतं की माणूस नेहमी गोष्टीच्या मधेच जगत असतो. सुरुवात त्यानं पाहिलेली नसते, शेवट त्याला दिसणार नसतो. म्हणून तो शेवटाच्या गोष्टी रचतो, म्हणजे मधल्या काळाला काहीतरी आकार येतो. हवामान बदलाकडे बघितलं तर हे पटतं. तो कोणत्या तारखेला सुरू झाला ते सांगता येत नाही, एका फोटोत तो मावत नाही. एक उन्हाळा थोडा जास्त तापतो, एक पाऊस थोडा वेडावाकडा पडतो. या सरकत राहणाऱ्या काळजीला गोष्ट एक दिवस, एक गाव आणि एक चेहरा देते.

आणि चौथी, बहुधा सगळ्यात खोल गोष्ट. एमिली सेंट जॉन मँडेल यांच्या २०१४ च्या 'स्टेशन इलेव्हन'मध्ये साथीनं जग संपल्यावर एका विमानतळावर उरलेली माणसं एक संग्रहालय मांडतात. त्यात काय असतं? क्रेडिट कार्डं, बंद पडलेले मोबाइल, उंच टाचांचे बूट. कधी विमान उडायचं, कधी बटण दाबलं की उजेड पडायचा, हे मोठी माणसं मुलांना सांगतात आणि मुलांचा विश्वास बसत नाही.

हे वाचून पुस्तक खाली ठेवलं की खोलीतला पंखा फिरत असतो, नळाला पाणी असतं, फोनवर आईचा मिस्ड कॉल असतो. आजच्या साध्या दिवसाकडे तो हरवल्यासारखं बघण्याची सोय या गोष्टी करून देतात.

आणि लिहिणाऱ्याला?

लेखकाच्या दृष्टीनं हा प्रकार सोयीचाही आहे आणि कसोटीचाही.

सोय अशी की मोबाइल बंद होतो. आजच्या कुठल्याही रहस्यकथेतला अर्धा पेच एका फोन कॉलनं सुटू शकतो. नेटवर्क गेलं, पोलिस नाहीत, दवाखाना नाही म्हटलं की माणूस आणि त्याचा निर्णय एवढंच उरतं. शेवटचा डबा कुणाला द्यायचा? दारावर थाप पडली तर उघडायचं का? एरवी हे प्रश्न पुस्तकी वाटतात, इथं ते दर दहा पानांनी समोर येतात.

कसोटी अशी की प्रत्येक बारीक गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो. पेट्रोल वर्षानुवर्षं टिकत नाही, ते खराब होतं. मग दहा वर्षांनी गाड्या कशा पळतील? इन्सुलिनवर जगणाऱ्याचं काय झालं? पाण्याचे पंप थांबल्यावर दहाव्या मजल्यावर कोण राहील? हे लिहायला बसलं की आपलं रोजचं जगणं किती अनोळखी माणसांच्या कामावर उभं आहे ते लेखकाला आधी कळतं, वाचकाला नंतर.

काहींसाठी कारण अगदी घरचं असतं. कॉरमॅक मॅकार्थी यांनी 'द रोड'बद्दल एका मुलाखतीत सांगितलं होतं की टेक्सासमधल्या एल पासोच्या हॉटेलात लहान मुलगा शेजारी झोपलेला असताना ते रात्री खिडकीतून बाहेर बघत होते. पन्नास-शंभर वर्षांनी हे गाव कसं दिसेल, असा विचार आला आणि डोंगरावर आगी दिसायला लागल्या. राखेनं भरलेल्या रस्त्यावरून चालणाऱ्या बाप-लेकाची ती कादंबरी २००६ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. म्हातारपणी बाप झालेल्या माणसाची ही काळजी होती की आपल्यानंतर या पोराचं काय होईल. जगबुडी ही त्या काळजीची पार्श्वभूमी.

काहींसाठी ही सत्तेबद्दल बोलायची जागा असते. रशियाच्या दिमित्री ग्लुखोव्स्की यांनी 'मेट्रो २०३३' आधी २००२ पासून इंटरनेटवर फुकट टाकली. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या मेट्रोत माणसं राहतायत, एकेका स्टेशनचं एकेक राज्य झालंय आणि ती आपापसांत लढतायत. पुस्तक छापलं, व्हिडिओ गेम आला, लेखक जगभर पोचला. पुढं त्यांनी युक्रेन युद्धाला उघड विरोध केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयानं त्यांच्या गैरहजेरीत त्यांना आठ वर्षांची शिक्षा सुनावली.

नव्या लेखकांसाठीही हा दरवाजा उघडा राहिलाय. ह्यू हाउई यांनी २०११ मध्ये 'वूल' ही छोटी गोष्ट स्वतःच किंडलवर टाकली. विषारी झालेल्या जगाखाली जमिनीत खोल राहणाऱ्या माणसांची ती गोष्ट. वाचकांनी पुढचा भाग मागितला, त्यांनी लिहिला. आज त्यावरची मालिका म्हणजेच 'सायलो'.

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि बऱ्यापैकी आहे. फक्त त्याला आपण या नावानं ओळखत नाही.

सगळ्यात आधी डॉ. जयंत नारळीकर. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या 'हिमप्रलय' या विज्ञानकथेत चक्क मुंबईत बर्फ पडतो. हिमयुग येऊ शकतं असं सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला आधी कुणी मनावर घेत नाही, मग जग गोठायला लागतं. नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांनीही १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' लिहिली होती, ज्यात एक प्रचंड ढग सूर्य झाकतो. म्हणजे ही गुरुशिष्यांची जोडी आकाशाचा अभ्यास करता करता आकाशातून येणाऱ्या संकटांच्या गोष्टीही लिहीत होती.

२०२२ च्या प्रजासत्ताक दिनी आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला. डोंबिवलीत झोंबी, म्हणून लोक हसत हसत गेले. पण सिनेमात झोंबीइतकाच महत्त्वाचा आहे पाण्याचा प्रश्न आणि टॉवर विरुद्ध शेजारची वस्ती हा भेद. संकट आलं की गेट कुणासाठी उघडतं आणि कुणासाठी नाही, हे डोंबिवली-कल्याणच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

मागं गेलं तर महाभारतातलं मौसल पर्व आहे. युद्ध कधीच संपलंय. यादव आपापसांत लढून मरतात, कृष्ण जातो, द्वारका समुद्रात बुडते. उरलेल्या बायका-मुलांना घेऊन अर्जुन निघतो, वाटेत लुटारू हल्ला करतात आणि गांडीव त्याच्या हातात चालत नाही. जुन्या जगातला सगळ्यात मोठा वीर नव्या जगात निरुपयोगी ठरतो, हे यापेक्षा नेमकं कुठल्या मालिकेनं दाखवलंय? इरावती कर्वे यांनी महाभारतावरच्या लेखांच्या पुस्तकाला 'युगान्त' नाव दिलं ते उगाच नाही.

तरी एक फरक आहे. पुराणांतला प्रलय हा चक्राचा भाग असतो. एक युग बुडतं, मनूची होडी तरते, पुन्हा सुरुवात होते. पाश्चात्त्य गोष्टींतला शेवट बहुतेक वेळा एकदाच येणारा, कायमचा असतो. 'अपोकॅलिप्स' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ मात्र विनाश असा नाही. झाकलेलं उघड होणं, असा त्याचा अर्थ आहे.

आणि व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची 'बनगरवाडी' आठवा. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात आणि धनगरांची वाडी ओस पडते. तिथं ना झोंबी आहे ना बॉम्ब. पण एक अख्खं जग डोळ्यांसमोर मोडतं.

जग संपतं, पण कुणाचं?

इथं या गोष्टींवरचा सगळ्यात मोठा आक्षेप येतो. हॉलिवूडच्या प्रलयात नळाला पाणी नाही, औषध मिळत नाही, घर सोडून चालत निघावं लागतं. हे भविष्य म्हणून दाखवलं जातं. पण कितीतरी लोकांसाठी हा भूतकाळ आहे किंवा चालू वर्तमान.

कॅनडातले मूळनिवासी लेखक वॉबगेशिग राइस यांच्या २०१८ च्या 'मून ऑफ द क्रस्टेड स्नो'मध्ये वीज आणि फोन कायमचे जातात तेव्हा वस्तीतली एक म्हातारी शांत असते. तिचं म्हणणं असं की आमचं जग गोऱ्यांनी कितीदा तरी संपवलंय, आम्ही उरलो, यातूनही उरू. भोपाळ वायू दुर्घटनेवर बेतलेली इंद्र सिन्हा यांची 'अ‍ॅनिमल्स पीपल' ही २००७ ची कादंबरीही हेच सांगते. गावात प्रलय होऊन गेलाय, पण त्याची बातमी आता जुनी झालीये. तिथली माणसं त्यानंतरचं रोजचं जगणं जगतायत.

किल्लारीच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. माळीणला ३० जुलै २०१४ ची सकाळ, इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ ची रात्र. त्यांच्यासाठी 'जग संपल्यानंतर काय' हा प्रश्न करमणुकीचा नाही, पुनर्वसनाच्या घरांचा आहे.

अमिताव घोष यांनी २०१६ च्या 'द ग्रेट डिरेंजमेंट'मध्ये विचारलं होतं की मोठं वादळ मुंबईवर थेट आदळलं तर काय होईल, आणि गंभीर साहित्य हे लिहायला का कचरतं? चार वर्षांनी, जून २०२० मध्ये, निसर्ग चक्रीवादळ मुंबईच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मुंबई वाचली. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागा वाचल्या नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किम स्टॅनली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' आली. तिची सुरुवातच उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेनं होते, ज्यात सुमारे दोन कोटी माणसं मरतात. विदर्भात मे महिन्यात राहणाऱ्याला हे प्रकरण वाचताना कल्पना फारशी ताणावी लागत नाही.

या गोष्टी कुठं चुकतात?

बहुतेक प्रलयकथांमध्ये तीन दिवसांत माणूस जनावर होतो. दुकानं फुटतात, शेजारी शेजाऱ्याचा गळा धरतो. सिनेमा चालायला हे बरं असतं. पण खऱ्या आपत्तींचा अभ्यास करणारे वेगळं सांगतात.

अमेरिकेत १९६३ पासून एनरिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो भूकंप, पूर, स्फोट यांनंतर लोक कसे वागले याच्या नोंदी केल्या. त्यांना सारखं एकच दिसत गेलं. सैरावैरा घबराट आणि लूटमार समजतात तेवढी होत नाही. पहिली मदत बहुतेक वेळा शेजारीच करतात, सरकारी यंत्रणा नंतर येते. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममध्ये खून-बलात्कारांच्या ज्या बातम्या जगभर गेल्या, त्यांतल्या बहुतेक नंतर खोट्या किंवा फुगवलेल्या निघाल्या. पण त्या बातम्यांमुळे मदतीचं मनुष्यबळ बंदोबस्ताकडे वळवलं गेलं होतं. लोकांना जनावर समजलं की त्यांना वाचवण्याआधी त्यांच्यावर पहारा बसवावासा वाटतो. रेबेका सॉलनिट यांनी २००९ च्या 'अ पॅराडाइज बिल्ट इन हेल'मध्ये हाच मुद्दा सविस्तर मांडलाय.

त्याच वर्षी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली, शेकडो जीव गेले. त्या रात्री लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, दोर धरून रस्ते पार करून दिले, चहा-बिस्किटं वाटली. प्रलयाच्या सिनेमात हे प्रसंग सहसा नसतात.

मग यात पणाला काय लागलंय?

डग्लस रश्कॉफ या अमेरिकन लेखकानं एक अनुभव सांगितलाय, २०२२ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तकही आलं. काही अतिश्रीमंत मंडळींनी त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. भविष्यात गुंतवणूक कुठं करावी, असं काही विचारतील असं त्यांना वाटलं. त्या मंडळींचा प्रश्न वेगळाच होता. जग कोसळल्यावर आम्ही बंकरमध्ये राहू, पण तेव्हा पैशाला किंमत नसेल, तर आमचे सुरक्षारक्षक आमच्याच अंगावर येऊ नयेत म्हणून काय करावं?

रश्कॉफ यांचं उत्तर असं होतं की त्या रक्षकांशी आत्तापासून माणसासारखं वागा, त्यांच्याशी मैत्री करा. ते ऐकून मंडळींना हसू आलं.

प्रलयाच्या गोष्टी वाचून तयार होणारी ही दोन टोकं आहेत. एका टोकाला माणूस डबाबंद अन्न, कुलपं आणि बंदुका मोजतो. दुसऱ्या टोकाला तो सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटी राहणारी आजी कोण, कुणाकडे विहीर आहे, कुणाला प्रथमोपचार येतात, हे माहिती करून घेतो. तयारी दोघांचीही चालू असते. पण पूर येतो तेव्हा बंकर एका कुटुंबाला उपयोगी पडतो आणि ही माहिती अख्ख्या गल्लीला.

बटलर यांच्या कादंबरीतली मुलगी घर जळाल्यावर एकटी पळत नाही. वाटेत भेटलेल्या माणसांना ती एकेक करून सोबत घेते, त्यांच्यातल्या ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिकवते, आणि शेवटी सगळी मिळून एका जागी बी पेरतात. मँडेल यांच्या कादंबरीत मूठभर नट आणि वादक उजाड गावांमधून फिरत शेक्सपिअरची नाटकं करतात. या प्रकारातली जी पुस्तकं टिकली, त्यातल्या कितीतरी पुस्तकांत हे असं काहीतरी असतंच. जग कसं संपलं हे वाचकाला काही वर्षांनी नीट आठवत नाही. नंतर कोण कुणासाठी थांबलं, ते आठवतं.